अनुपस्थिती, गैरहजेरी, अभाव: वडील घरी नसण्याला काय म्हणावे?

बडोद्याच्या एका संशोधक विद्यार्थिनीने विचारले आहे: "माझा प्रबंध इंग्रजीत आहे. त्याचा सारांश इथल्या मराठी मंडळात वाचायचा आहे. विषय असा, की वडील नोकरीनिमित्त बाहेर असलेल्या मुलांच्या अभ्यासावर काय परिणाम होतो. 'वडिलांची अनुपस्थिती' म्हणू, 'गैरहजेरी' म्हणू की 'अभाव'? शिवाय hypothesisला मार्गदर्शक 'उत्कल्पना' म्हणतात, पुण्याची मावशी 'गृहीतक' म्हणते आणि पुस्तकात 'परिकल्पना' आहे. बरोबर कोणते?"

आधी दुसरा प्रश्न, कारण तो लवकर मिटतो. 'उत्कल्पना' गुजरातीत रुळलेला आहे, मराठी श्रोत्याला मात्र तो अडखळवेल. 'गृहीतक' मराठीत सर्रास वापरतात, पण नावातच घोटाळा आहे. जे गृहीत धरले ते तपासायचे कशाला? तुमच्या कामात गृहीतके वेगळी असतात: शाळेने दिलेले गुण विश्वसनीय आहेत, आईने दिलेली माहिती खरी आहे. ही तुम्ही धरून चालता. जी तपासून पाहायची, जी खोटी ठरू शकते, ती परिकल्पना. सारांशात दोन्ही येणार असतील तर हा भेद पाळाच. मावशीला वाईट वाटणार नाही.

आता 'नसण्या'कडे. इथे मराठी फार श्रीमंत आहे, आणि म्हणूनच घसरायला जागाही बरीच.

'गैरहजेरी'ला हजेरीपट लागतो. कुणीतरी यायला हवे होते, आले नाही आणि त्याची नोंद झाली, तर ती गैरहजेरी. त्यात ठपका आहे. 'यात गैर काय?' म्हणताना जो 'गैर' येतो त्याची सावली मराठी कानाला या शब्दातही जाणवते. बडोद्याला तर हा शब्द कायद्याच्या अंगाने ठाऊक असायला हवा. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण करून पाहिले आणि 1906 मध्ये ते संस्थानभर लागू केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. (आपण होऊन बुडवली तर ती दांडी. इथल्या मराठी पोरांच्या तोंडी तिची 'गापची' होते, तो गुजरातीचा प्रसाद.) तेव्हा जहाजावर नोकरी करणारे वडील घरी 'गैरहजर' नसतात. पालकसभेला मात्र ते गैरहजर असतात, आणि तिथे हाच शब्द अचूक आहे.

'खाडा' तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या कामाचा आहे. एरवी रोज चालणाऱ्या गोष्टीत पडलेला खंड म्हणजे खाडा. दुधाचा खाडा, कामवाल्या बाईंचा खाडा. आठवड्यातले दोन दिवस फिरतीवर असणारे वडील आणि वर्षाकाठी एकदा येणारे वडील तुम्ही एकाच गटात टाकले असतील, तर खाडा आणि अनुपस्थिती यांची बेरीज केलीत. सारांशात 'खाडा' लिहू नका, बोली वाटेल. गट पाडताना मात्र तो मनात असू द्या.

'अनुपस्थिती'त माणूस आहे, फक्त इथे नाही. 'अभाव'ला तेवढाही दिलासा नाही. आणि 'अभाव' म्हटले की न्यायशास्त्र आलेच, कायद्याचे नव्हे, आपले जुने तर्कशास्त्र. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार दिले आहेत. घडा घडण्यापूर्वीचा तो प्रागभाव, फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, एखाद्या ठिकाणी तिन्ही काळी नसणे हा अत्यंताभाव, आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव. काही नैयायिकांनी, म्हणजे या शास्त्राच्या पंडितांनी, आणखी एक मानला, सामयिकाभाव: घडा जमिनीवर होता, उचलून नेला, पुन्हा आणून ठेवला, मधल्या वेळचे नसणे. तुमच्या विषयातले वडील नेमके इथे बसतात. वारलेल्या वडिलांचे नसणे ध्वंसाच्या जातीचे, ज्यांना मुलाने कधी पाहिलेच नाही त्यांचे जवळजवळ अत्यंताभावाचे. या तिघांना 'पित्याचा अभाव' या एका मथळ्याखाली आणणे म्हणजे निष्कर्ष आधीच बिघडवणे.

त्याहून उपयोगी आहे नैयायिकांची सक्ती. नुसता 'अभाव' त्यांना चालत नाही. कशाचा, हे सांगा, तो प्रतियोगी. कुठे, हे सांगा, तो अनुयोगी. 'वडिलांची अनुपस्थिती' या शब्दांत कुठे, कधी, किती, काहीच नाही. रात्री जेवताना? गृहपाठाच्या वेळी? घरखर्चात तर ते बहुधा उपस्थितच असतात, दर महिन्याला मनीऑर्डरसारखे.

नसणे हे कारण असू शकते, हे मानायला माणसाला मुळातच जड जाते. बेरीबेरीचेच पाहा. ख्रिस्तियान आइकमन डच वसाहतीत, बटाव्हियाला, या रोगाचा जंतू शोधत होते. कोंडा काढलेला, पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सुधारतात, हे त्यांना दिसले. तरी त्यांनी कल्पना केली ती तांदळात काहीतरी विषारी असल्याची, आणि कोंडा तो उतारा. त्यांच्यानंतर आलेल्या खेरित ग्राइन्स यांनी 1901 मध्ये उलटे मांडले: पांढऱ्या तांदळात काही वाईट आहे असे नव्हे, काहीतरी हवे ते नाही. निरीक्षण तेच, वाक्य बदलले. पुढे त्यातूनच जीवनसत्त्वांची कल्पना रुजली आणि आइकमन यांना 1929 चे नोबेल विभागून मिळाले. तिथे 'अभाव' किंवा 'कमतरता' हाच शब्द हवा. ब-1 जीवनसत्त्वाची 'अनुपस्थिती' म्हटले तर ते रजेवर गेले आहे असे वाटेल.

आता तुमचे वाक्य. तुम्ही लिहिले आहे, "वडिलांच्या अनुपस्थितीचा मुलांच्या अभ्यासावर विपरीत परिणाम होतो." 'विपरीत' आधीच निकाल देऊन बसले आहे. आपल्याकडे 'असून अडचण, नसून खोळंबा' म्हणतात, आणि तुमच्या तुलनेच्या गटात असून अडचण असणारे वडीलही येणार आहेत, हे विसरू नका. मी असे लिहीन: "ज्यांचे वडील वर्षातून निदान सहा महिने नोकरीनिमित्त परगावी असतात आणि ज्यांचे वडील रोज घरी असतात, अशा सातवीच्या मुलांच्या गणिताच्या गुणांत सार्थक फरक नाही." 'फरक नाही' असे म्हणणारी ही शून्य परिकल्पना. लांबलचक आहे, पण तपासता येते. सार्थक म्हणजे निव्वळ योगायोगाने पडला असे सहसा म्हणता न येणारा. 'लक्षणीय'पेक्षा 'सार्थक' बरा, कारण लक्षणीय म्हणजे डोळ्यांत भरणारा, आणि संख्याशास्त्रातला सार्थक फरक कित्येकदा डोळ्यांत भरत नाही.

फरक सापडला नाही, तर "शून्य परिकल्पना सिद्ध झाली" असे मात्र वाचू नका. "ती फेटाळता आली नाही" म्हणा. 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' हा बाणा भांडणात ठीक आहे. इथे बाप दिसला नाही म्हणून श्राद्ध घालता येत नाही, नमुना लहान असेल, मोजमाप ढोबळ असेल.

शेवटी तुमच्या तक्त्यातला 'पितृहीन गट' हा मथळा. तो तेवढा बदलाच, 'वडील परगावी असलेला गट' करा. पितृहीन म्हणजे वडील वारलेला. मंडळात पुढच्या रांगेत बसणारी ज्येष्ठ मंडळी तुमचे वाचन संपायच्या आत त्या मुलांसाठी हळहळू लागतील, आणि तिकडे वडील दुबईहून व्हिडिओ कॉलवर गृहपाठ तपासत असतील.