क्लासचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारं फंक्शन) न्यू या शब्दाशिवाय कॉल केला की एरर का येते? जावास्क्रिप्ट स्वतःच न्यू का लावून घेत नाही?

तुमचं म्हणणं असं की टाइपऑफ विचारलं तर क्लासचं उत्तर 'फंक्शन' येतं, मग फंक्शनसारखा कॉल केल्यावर टाइपएरर कशाला? भाषेने न्यू आपणहून लावून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

माझ्या मते बरंच बिघडलं असतं.

ईएस २०१५ (जावास्क्रिप्टची क्लास आणणारी आवृत्ती) च्या आधी कन्स्ट्रक्टर म्हणजे साधं फंक्शन. न्यू विसरलं की नॉन-स्ट्रिक्ट (कडक नियम न लावलेल्या) कोडमध्ये धिस, म्हणजे फंक्शन ज्या ऑब्जेक्टवर काम करतं तो, थेट ग्लोबल ऑब्जेक्ट. आत धिस.नेम = नाव असेल तर ब्राउझरमध्ये विंडो.नेम बदलायचं, व्हेरिएबलमध्ये अनडिफाइन्ड यायचं आणि एरर फुटायची भलत्याच फाइलमध्ये. असा एक बग शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली आहे. म्हणून लोक फंक्शनच्या सुरुवातीलाच 'धिस आपला इन्स्टन्स नसेल तर न्यू लावून रिटर्न कर' अशी ओळ टाकायचे. तुम्ही सुचवताय ते हेच.

आता इन्हेरिटन्स बघा, म्हणजे चाइल्डने पॅरेंटचे गुण घेणं. जुन्या पद्धतीत चाइल्डच्या आत पॅरेंट.कॉल(धिस) लिहितात, म्हणजे पॅरेंटने याच धिसवर फील्ड्स भरायच्या. उद्या पॅरेंटचा क्लास झाला आणि भाषेने गुपचूप न्यू लावलं, तर दुसराच ऑब्जेक्ट तयार होईल, तो कोणी वापरणार नाही आणि चाइल्डचा धिस रिकामा राहील. एररही नाही! आजचा टाइपएरर नेमक्या त्याच ओळीवर थांबवतो. क्लासमध्ये ऑब्जेक्ट सगळ्यात वरचा बेस क्लास बनवतो. सुपर(), म्हणजे पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरचा कॉल, होईपर्यंत चाइल्डकडे धिस नसतोच. कोणाचा प्रोटोटाइप (ज्यावरून ऑब्जेक्टला मेथड्स मिळतात तो) लावायचा ते न्यू.टार्गेटवरून, म्हणजे न्यू कोणावर लावलं त्यावरून ठरतं, आणि साध्या कॉलमध्ये ते अनडिफाइन्ड असतं.

'पण डेट() चालतं की!' चालतं, पण स्ट्रिंग देतं. ऑब्जेक्ट हवा तर न्यू डेट(). ॲरे() दोन्हीकडे सारखंच वागतं, सिम्बॉलला उलट न्यू लावलं की एरर. प्रत्येकाचा नियम वेगळा लक्षात ठेवायचा. ईएस २०१५ मधले प्रॉमिस आणि मॅप मात्र न्यूशिवाय सरळ नकार देतात, आणि मला तेच बरं वाटतं.

न्यूशिवाय हवंच असेल तर छोटं फॅक्टरी फंक्शन (आत न्यू लावून ऑब्जेक्ट परत देणारं) लिहा. कॉल करणाऱ्या जुन्या कोडला हात लावता येत नसेल, तर क्लासवर प्रॉक्सी (कॉल मधेच अडवणारं आवरण) घालून तिच्या अप्लाय ट्रॅपमध्ये, म्हणजे साधा कॉल पकडणाऱ्या फंक्शनमध्ये, न्यू लावता येतं. फक्त त्याआधी प्रोजेक्टमध्ये '.कॉल(धिस' सर्च करून बघा. पॅरेंट.कॉल(धिस) कुठे सापडलं, तर तिथे ही प्रॉक्सी वर सांगितल्यासारखीच गुपचूप फसवेल.