शेवटच्या पानाची शेवटची ओळ

प्रिय अभ्यासकास,
अनेक आशीर्वाद.

ठाण्याच्या वृत्तपत्रांची मालकी कशी बदलत गेली हे लिहायला घेतोयस, तर वर्धापनदिनाच्या पुरवण्या आधी बाजूला ठेव. त्यांत संस्थापकांचा फोटो सापडतो, पत्र कोणी कोणाला विकलं ते सापडत नाही. ते शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात असतं: ‘हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून...’

मात्र ही ओळ प्रत्येक काळात सारखंच सांगत नाही. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव मागितलं. संपादकाचं नाव १९२२ च्या दुरुस्तीने आलं आणि मालकीचा तपशील १९५६ च्या नियमांनी. त्यामुळे काशीनाथ विष्णु फडके यांनी १८६६ मध्ये ठाण्यात काढलेल्या ‘अरुणोदय’च्या काळातली पत्रं बघताना प्रकाशक म्हणजेच मालक असं गृहीत धरू नकोस. तिथे मुंबईच्या पुराभिलेखागारातले देशी वृत्तपत्रांवरचे सरकारी अहवाल कामी येतात. त्यांतल्या याद्यांत पत्राचं गाव, संपादकाचं नाव, जात, वय आणि खपही दिलेला असतो. खपाचा आकडा जपूनच वापर.

१९५६ नंतरच्या काळासाठी ‘नमुना ४’, म्हणजे मालकीच्या तपशिलाचं छापील निवेदन, धर. फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात तो छापावा लागे. भांडवलाच्या १ टक्क्याहून जास्त वाटा असलेल्यांची नावंही त्यात येत. म्हणून दरवर्षीचा फक्त मार्चचा पहिला अंक काढ आणि तक्ता भर: वर्ष, मालक, मुद्रक, छापखान्याचा पत्ता, संपादक. लागोपाठच्या दोन वर्षांत फरक दिसला तरच मधले अंक चाळ. सगळी फाइल पानोपानी वाचायला बसणारे बहुधा पहिल्या दशकातच दमतात.

आता फसगतीच्या जागा. बांधणीत कडा कापल्या की तळाची ओळच जाते. छापखान्याचा पत्ता बदलला म्हणजे मालक बदलला असं नाही. खिळे जुळवायचे सोडून ऑफसेटकडे वळताना छोटी पत्रं दुसऱ्यांच्या यंत्रावर छापून घेऊ लागली. सासऱ्यांच्या जागी सुनेचं नाव आलं तर ती विक्री नव्हे, वारसा असू शकतो. नोंदणी क्रमांकापुढचं ‘/५७’ हे पत्राचं जन्मवर्ष समजू नकोस. वृत्तपत्रांची नोंदणी करणारं निबंधक कार्यालयच १९५६ मध्ये सुरू झालं, त्यामुळे आधीपासूनच्या जुन्या पत्रांनाही ‘/५७’ लागलं. आणि पत्र बारा महिन्यांहून जास्त बंद राहिलं की जुन्या कायद्यात त्याचं घोषणापत्र (पत्र काढण्यासाठी मुद्रक-प्रकाशकाने दंडाधिकाऱ्यापुढे केलेलं निवेदन) रद्द होई. अंकांत तेवढी पोकळी दिसली तर पुढे त्याच नावाने निघालेलं पत्र जुन्याच मालकाचं आहे का, ते तपासून घे. केवळ घोषणापत्र टिकवायला मोजक्या प्रती छापणारी साप्ताहिकंही भेटतील. आत जाहीर नोटिसांखेरीज फार काही नसतं, पण मालकीच्या हिशेबात त्यांनाही धरावं लागतं.

नवी मुंबईत जिल्हा आधी बघ. वाशी-नेरूळ ठाण्यात, खारघर-पनवेल रायगडात. जुनी घोषणापत्रंही त्या त्या जिल्ह्याच्या दप्तरी शोधायची. १ मार्च २०२४ पासून १८६७ चा कायदा जाऊन नवा लागू झाला आहे, नोंदणीचं काम आता ऑनलाइन चालतं.

फाइलींची चौकशी १८९३ पासूनच्या ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयात कर. मोबाइलवर फोटो काढताना तारखेची वरची पट्टी आणि तळाची ओळ एकाच चौकटीत घे. तारखेविना नुसती ओळ कोणत्या वर्षाची ते पुढे कळत नाही.