काळी नखे, लहान कुत्रा आणि घरातली छाटणी

प्रश्न : आमच्या घरी तीन वर्षांचा पॉमेरेनियन आहे. त्याची सगळी नखे काळी असल्यामुळे कुठपर्यंत कापावे ते कळत नाही. पावसाळ्यात रंकाळ्यावरचे फिरणे जवळजवळ बंद होते आणि नखे इतकी वाढतात, की फरशीवर चालताना टकटक आवाज येतो. मागे मुलाने घरातल्याच नेलकटरने नखे कापायला घेतली, तेव्हा एका नखातून बरेच रक्त आले. तेव्हापासून नेलकटर दिसला, की तो कॉटखाली जाऊन बसतो आणि पंजाला हात लावला तरी गुरगुरतो. दवाखान्यात दोघांनी दाबून धरल्याशिवाय काम होत नाही. घरी सुरक्षितपणे नखे कशी कापावीत? त्याआधी झोपेची गोळी दिली तर चालेल का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : गोळीचे आधी सांगतो, कारण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. माणसांची झोपेची किंवा दुखण्यावरची कोणतीही गोळी कुत्र्याला स्वतःच्या मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारखी आपल्या घरात सहज सापडणारी औषधे कुत्र्याला विषारी ठरू शकतात आणि पाच-सहा किलोच्या प्राण्याला तर अगदी थोडी मात्राही महागात पडते. भीती फारच असेल, तर पशुवैद्यक त्याला तपासून आणि वजन पाहून योग्य औषध देतील.

आता नखाकडे वळू. कुत्र्याच्या नखाच्या आत एक जिवंत गाभा असतो आणि त्यात रक्तवाहिनी व मज्जातंतू असतात. तो कापला गेला, की रक्त येते आणि कळही जबरदस्त येते, त्यामुळे तुमचा कुत्रा कॉटखाली पळतो यात त्याचा हट्ट मुळीच नाही. नख पांढरे असेल, तर हा गाभा उजेडात गुलाबी दिसतो, पण काळ्या नखात तो बाहेरून दिसत नाही. म्हणून एका फटक्यात नख आखूड करण्याचा विचारच सोडून द्यावा आणि टोकापासून एकेक मिलिमीटरची चकती काढत जावे. प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग समोरून नीट पाहावा. सुरुवातीला तो कोरडा, पांढरट आणि भुसभुशीत दिसतो. पुढे मध्यभागी करडा किंवा काळपट, किंचित ओलसर वाटणारा ठिपका दिसू लागतो. हा ठिपका म्हणजे गाभा जवळ आल्याची खूण असून तिथेच थांबायचे असते. दुसरी खूण नखाच्या खालच्या बाजूला मिळते. टोकाकडे नख खालून पन्हाळीसारखे पोकळ असते आणि ही पोकळी जिथे भरीव होते, त्याच्या आसपास गाभा सुरू होतो. फक्त पोकळ टोकापुरतेच कापले, तरी नवख्या माणसाला तेवढे पुरेसे आहे.

नखे फार वाढलेली असतील, तर गाभाही त्यांच्याबरोबर पुढे सरकलेला असतो. त्यामुळे पहिल्याच वेळी ती हवी तितकी आखूड होणार नाहीत आणि तसा आग्रहही धरू नये. दर आठ-दहा दिवसांनी थोडे थोडे टोक काढत राहिले, की गाभा हळूहळू मागे सरकतो. नखे आटोक्यात आली, की तीन-चार आठवड्यांतून एकदा कापणे बहुतेक लहान कुत्र्यांना पुरते, पण पावसाळ्यात खडबडीत रस्त्यावरची झीज थांबत असल्याने हे अंतर कमी ठेवावे. कुत्रा सपाट फरशीवर उभा असताना नखांखालून कागद सहज सरकला, तर लांबी योग्य आहे असे समजावे. टकटकीकडे दुर्लक्ष करू नये असे मी आग्रहाने सांगतो. लांब नखांमुळे बोटे वर ढकलली जातात, चालण्याची ढब बदलते आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास मुळातच जास्त आढळतो, तेव्हा असे घसरणे त्यांना परवडणारे नाही.

माणसांचा नेलकटर यापुढे वापरू नका. त्याची पाती सपाट नखासाठी असतात आणि कुत्र्याचे गोलसर नख त्यांत चेपले जाऊन चिरते. गाभ्याला धक्का लागला नाही, तरी त्या दाबानेच कुत्रा पाय ओढतो. लहान कुत्र्यांसाठी कात्रीच्या आकाराचा, पात्यांना अर्धगोल खाच असलेला नेलकटर मिळतो, तो घ्यावा आणि धार गेली की बदलावा. नख घासणारे विजेवरचे यंत्र काळ्या नखांना चांगले असते, पण त्याचा आवाज आणि थरथर यांची सवय लावावी लागते, आणि ते एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवले तर नख तापते.

खरे कष्ट आहेत ते त्याचा विश्वास परत मिळवण्याचे. पहिले काही दिवस नेलकटर बाहेर काढूच नका. कुत्रा निवांत बसलेला असताना खांद्यावरून हात फिरवत पंजापर्यंत आणावा, क्षणभर पंजा धरावा, सोडावा आणि लगेच खाऊ द्यावा. हे त्याने शांतपणे स्वीकारले, की एकेक बोट हलके दाबून पाहावे. त्यानंतर नेलकटर नुसता शेजारी ठेवून खाऊ द्यावा, मग तो नखाला फक्त टेकवावा आणि सगळ्यात शेवटी एका नखाचे टोक काढून त्या दिवसाचे काम थांबवावे. एका दिवशी एकच नख झाले तरी काही बिघडत नाही. गुरगुरल्याबद्दल त्याला कधीही रागावू नका. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना आहे, आणि ती दाबली गेली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. खाऊ म्हणून उकडलेल्या बिनमसाल्याच्या चिकनचे बारीक तुकडे उत्तम, परंतु तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला तुकडा मात्र देऊ नये, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याला अपायकारक असतात.

प्रत्यक्ष कापताना भरपूर उजेड हवा आणि घरातली दोन माणसे असावीत. एकाने कुत्र्याला मांडीवर किंवा न घसरणाऱ्या चादरीवर घेऊन खाऊ देत राहावे, दुसऱ्याने कापावे. पाय बाजूला ओढू नये. घोड्याला नाल ठोकणारा जसा पाय मागे दुमडून तळवा वर करतो, तसा पुढचा पाय मागे वळवावा, म्हणजे सांधा त्याच्या नैसर्गिक दिशेने वाकतो आणि नखाची खालची बाजूही दिसते. अंगठा पायाच्या गादीवर आणि तर्जनी बोटाच्या वर ठेवून हलके दाबले, की नख पुढे येते. पॉमेरेनियनच्या बोटांमधले केस पात्यात सापडले तर चांगलेच ओढले जातात, म्हणून ते आधी पाण्याच्या हाताने मागे सारावेत.

एवढे करूनही कधी रक्त आले, तर घाबरून कुत्र्याला सोडून देऊ नका. रक्त थांबवण्याची पूड औषधाच्या दुकानातून आणून आधीच हाताशी ठेवावी. ती नसेल, तर तुरटीची बारीक पूड किंवा कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकावर दाबून, वर स्वच्छ कापड धरून न उचलता पाच मिनिटे दाब ठेवावा. तुरटी झोंबते, त्यामुळे तो पाय झटकेल हे गृहीत धरावे. पंधरा-वीस मिनिटांनंतरही रक्त थांबले नाही, तर दवाखाना गाठावा. त्यानंतर एक-दोन दिवस त्याला चिखलात आणि साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नये. पावसाळ्यात अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरू शकतात.

आणि तुमच्या हातांविषयीही लिहितो. नख लागून ओरखडा उठला किंवा दात लागला, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. कुत्र्याचे लसीकरण झालेले असले, तरीही हे टाळू नये. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मिळते.

प्रश्न : आमच्या अकरा वर्षांच्या डॅशहंड मादीच्या पुढच्या पायाचे अंगठ्याचे नख वळून गादीत रुतले आहे. ते घरी कापावे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही, आजच पशुवैद्यकांकडे न्यावे. रुतलेले नख बाहेर काढताना फार दुखते, आत पू झालेला असू शकतो आणि जखम स्वच्छ करून औषधेही द्यावी लागतात. अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नसल्यामुळे ते झिजत नाही आणि केसांत दडलेले असल्याने लक्षातही येत नाही. जखम भरल्यानंतर दर आठवड्याला केस बाजूला करून ते पाहत जा. काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही असा अंगठा असतो, तिथेही हात फिरवावा. वय झालेल्या कुत्र्यांची नखे जाड आणि ठिसूळ होतात, म्हणून आंघोळीनंतर ती थोडी मऊ असतानाच कापावीत. यापुढे एकाहून अधिक पायांची नखे चिरू लागली, निखळू लागली किंवा ती एखादा पंजा सतत चाटू लागली, तर त्यामागे बुरशी किंवा अन्य आजार असण्याची शक्यता असते. अशा वेळी नखे न कापता आधी तपासणी करून घ्यावी.