गर्डर ६ इंची टाकू की ८ इंची?

सांगलीच्या गावभागात १९७४ चं दुमजली विटांचं घर आहे, हॉल आणि स्वयंपाकघरामधली १० फूट भिंत काढायची आहे, मिस्त्री ६ इंची गर्डर पुरेल म्हणतो, मग ८ इंची लागेल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे ८ इंची एकेरी टाकला होता. नाही पुरला.

आमचं घर साताऱ्यात, यादोगोपाळ पेठेत. आजोबांनी बांधलेलं, नऊ इंची भिंती, वर एक मजला. २०१४ साली धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि हॉल मोठा करायचं सगळ्यांनी मनावर घेतलं. मामा बांधकामाची कामं घेतो. तो आला, भिंतीवर दोनदा मूठ आपटली आणि म्हणाला, "आक्का, चार दिवसांचं काम आहे." मी म्हटलं, एकदा इंजिनिअरला दाखवू. तर म्हणे, "घरचा माणूस असताना बाहेरच्याला कशाला पैसे चारायचे?" आई गप्प बसली. सख्खा भाऊ, त्यात घरात कार्य.

चार दिवसांत भिंत गेली, हे खरं. दोन्ही बाजूच्या भिंतींत चार-चार इंचांची खोबण पाडली आणि गर्डरची टोकं थेट विटांवर टेकवली. वरच्या मजल्यावरची भिंत नेमकी त्याच रेषेत उभी आहे, हे बघायला कोणी जिना चढलं नाही.

लग्न छान झालं. जूनमध्ये आई म्हणाली, वरच्या खोलीचं दार घासतंय. पावसाळ्यात लाकूड फुगतंच, म्हणून भावाने दाराला रंधा मारला. गणपतीत चौकटीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी चीर गेली. मामा म्हणाला, प्लास्टर आटतंय. पुट्टी भरली. दिवाळीला तीच चीर परत आली, पुन्हा पुट्टी. आई रोज म्हणायची, दार आणखी घासतंय, आणि रोज तिला सांगितलं जायचं की तुला उगाच वाटतंय.

शेवटी ओळखीतल्या एका सरांना विचारलं, ते इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. त्यांनी सांगितलं, चिरेवर काचेची बारीक पट्टी आडवी ठेवा, दोन्ही टोकं सिमेंटने बसवा, शेजारी तारीख लिहा. चीर जुनी, थांबलेली असेल तर काच शाबूत राहील. अकराव्या दिवशी काच तडकली.

सर घरी आले आणि वहीच्या पानावर हिशोब मांडला. वरची भिंत दार वजा जाता जवळजवळ ३ टन. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर. वरचा आणि खालचा, दोन्ही स्लॅबचा भार याच रेषेवर, फरशी-कोबा धरून ८ टन. म्हणजे गर्डरच्या प्रत्येक टोकाला साडेपाच टन, आणि ते टेकलेत चार इंच बाय चार इंच विटांवर. चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या वर गेलं. तसल्या जुन्या विटकामावर पाच-सात किलोच्या वर जाऊ नये. प्लास्टर खरवडलं तर टोकाखालच्या विटांचा भुगा हाताला लागला. वर गर्डर मध्यात सेंटिमीटरभर वाकला होता तो वेगळाच.

म्हणून तुमच्या मिस्त्रीला इंच विचारू नका. गर्डर कशावर टेकणार आणि त्याच्या खाली पाया काय, हे विचारा. आमच्याकडे मग दोन्ही मजल्यांना जॅक लावले, वरच्या भिंतीत आरपार भोकं पाडून आडवे लोखंडी तुकडे घातले आणि ती उचलून धरली. जुना गर्डर काढला. २५० मिलिमीटरचे दोन गर्डर बोल्टने जोडून घातले, एकेक १३५ किलोचा, आणि टोकांना नवे कॉलम, त्यांचा स्वतंत्र पाया. वरची फट न आटणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या सिमेंटच्या गाऱ्याने) ठासून भरल्यावरच जॅक हळूहळू सोडले. पहिल्या कामाला ४० हजार गेले होते, दुरुस्तीला १ लाख ९० हजार. तुमचा खर्च यावरून काढू नका, लोखंडाचा भाव तेव्हाचा आहे.

आम्हाला चार फुटांवर मुरूम लागला. तुमच्याकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तेव्हा पाया उथळ चालणार नाही. शिवाय गावभागात २०१९ ला पुराचं पाणी होतं. तुमच्या घरात किती दिवस आणि कुठपर्यंत होतं, ते इंजिनिअरला आधी सांगा. जोत्याजवळचं विटकाम खरवडून बघितल्याशिवाय कोणी "चालतंय" म्हणत असेल तर त्याला काम देऊ नका, मग तो नात्यातला का असेना.

आणि हो, घर कॉलम-बीमचं असेल आणि भिंत नुसती आडोशाची असेल तर गर्डर लागतच नाही. पण ते भिंतीच्या जाडीवरून ठरवू नका, जुन्या घरांत साडेचार इंचीवरही स्लॅब टेकवलेला असतो. विटांच्या घराला भूकंपात भिंतीच सावरतात, हेही आम्हाला आधी कोणी सांगितलं नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई नऊ वर्षांची होती, त्यानंतर कित्येक रात्री ही माणसं अंगणात झोपली. भिंत काढायची म्हटल्यावर तिला का धसका बसला होता, ते मला फार उशिरा कळलं. महानगरपालिकेची परवानगीही बघा.

मामा अजून प्रत्येक कार्यात म्हणतो, ती चीर प्लास्टरचीच होती, सरांनी उगाच खर्चात पाडलं. तडकलेली काच आईने तारखेच्या कागदासकट कपाटात ठेवली आहे. वरचं दार आता एका बोटाने लागतं.