बुद्ध्यांकाची चाचणी, पण कशासाठी?

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. कऱ्हाडला चाचणी केली तेव्हा बुद्ध्यांक ९२ आला. नंतर साताऱ्यात दुसरी चाचणी केली, तिच्यात १०४. खरा कुठला धरायचा? (एक आई, कऱ्हाड)

दोन्ही खरे. सरासरी १०० आणि साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये, अशा बेतानंच हे गुण मांडलेले असतात. मुलगी दोन्ही वेळा सरासरी पट्ट्यातच आहे. एकच चाचणी पुन्हा घेतली तरी चार-पाच गुण इकडचे तिकडे होतात. रात्री झोप झाली नसेल, समोरच्या बाईंची भीती वाटली असेल. त्यात चाचण्या वेगळ्या म्हणजे तुलनाही वेगळ्या काळातल्या, वेगळ्या मुलांशी. जुन्या मानकांवर आजच्या मुलांचे गुण फुगून येतात, कारण विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी दर दहा वर्षांनी सुमारे तीन गुणांनी वर सरकत गेली. अहवालात चाचणीचं नाव आणि ‘अमुक ते अमुक दरम्यान’ असा पट्टा दिलाय का बघा. नसेल तर मागून घ्या.

एक गोष्ट मात्र खटकली. चाचणी कशासाठी केली, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिसरी करू नका.

प्रश्न : सैनिक स्कूलच्या सराव पेपरात मुलाला बुद्धिमत्तेत ५० पैकी ४८ पडतात. तो असामान्य समजायचा का? (एक वडील, विटा)

सराव उत्तम झालाय, एवढं नक्की. प्रवेश परीक्षेला जागा कमी आणि मुलं जास्त, म्हणून क्रम लावायचा असतो. तिथे तयारी करून जाणं रीतसरच आहे. बुद्ध्यांक चाचणीचे प्रश्न याउलट गुप्त ठेवतात, कारण पाठ करून आलेल्या मुलाचं त्यातून काहीच कळत नाही.

प्रश्न : बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगतात. करावी का? (तासगाव)

नको. ठशांच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात, त्यांचा बुद्धीशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्या पैशांत पुस्तकं घ्या.

प्रश्न : आमचं गाव जत तालुक्यात, घरी कन्नड बोलतो. नातू मराठी शाळेत तिसरीत आहे. बुद्ध्यांक ६८ आला म्हणून त्याला मतिमंदांच्या शाळेत घाला असं सांगतात. तो एकटा दुकानातून सामान आणतो, सुटे पैसे बरोबर मोजून घेतो, शेरडं राखतो. (एक आजोबा)

आजोबा, तुमचं शेवटचं वाक्य परीक्षकाला सांगितलं होतंत का? नुसत्या ६८ वर बौद्धिक अक्षमतेचं निदान होत नाही. रोजच्या जगण्यात मूल काय काय निभावतं तेही तपासावं लागतं. त्यासाठी व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापनी वापरतात. तुम्ही सांगताय ते त्यात मोजलं जातं.

आधी कान आणि डोळे तपासून घ्या. मग चाचणी कोणत्या भाषेत झाली ते विचारा. शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य असले प्रश्न मराठीत विचारले असतील, तर बुद्धीपेक्षा मराठीच जास्त मोजली गेली असणार. ठोकळे जुळवणं, चित्रं पूर्ण करणं अशा कृतींच्या भागात किती गुण आहेत ते वेगळं बघा. तिथे तो बराच वर असेल, तर एकत्रित आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. आपल्याकडे अजून वापरात असलेली बिने-कामत चाचणी कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड, दोन्ही मुलांसाठी बेतली होती. कन्नडमधून विचारा, ही मागणी काही जगावेगळी नाही.

बिने आणि सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धीच्या चाचणीची कल्पना उभी केली, ती वर्गात मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा शिकवणी मिळावी म्हणून. बुद्धी वाढतच नाही असं म्हणणाऱ्यांवर बिने चिडत. इथे तोच आकडा मुलाला बाहेर काढायला वापरला जातोय, आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी होईपर्यंत शाळेला त्याला काढता येत नाही. फेरतपासणीचा अर्ज मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, पोच घ्या. सोबत त्याच्या वर्गाच्या वह्या न्या, मराठीच्या आणि गणिताच्या दोन्ही.