गोठ्यावरची नाताळची सुट्टी

प्रश्न : आम्ही नागपुरात धरमपेठेत राहतो. वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगेजवळ आतेभावाचा लहानसा गोठा आहे, दहा-बारा गवळाऊ गाई. नाताळात आठ वर्षांच्या लेकीला घेऊन राहायला जावं का? ती कंटाळेल का?

उत्तर : जा की बाई! कंटाळा आला तर तुम्हालाच येईल. गवळाऊ ही आपल्या वर्धा-नागपूर पट्ट्यातलीच जात, अंगानं पांढरी, पायानं चपळ. दूध बेताचंच, त्यामुळे बादल्या भरतील अशी आशा नको. पहाटेच्या धारेला लेकीला न्या, पण स्वेटर-कानटोपी घालूनच. डिसेंबरात आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो आणि उघड्या शिवारात वारा जास्तच बोचतो. गाईजवळ मागून जायचं नाही, ती लाथ झाडते. समोरून, आवाज देत जावं. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या वासराला हात लावायला तर अजिबात नाही, एरवी गरीब असलेली गायही तेव्हा मारकी होते. धारोष्ण दुधाचं कौतुक घरचे करतीलच, तरी उकळूनच द्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, म्हणजे गुरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार, होऊ शकतो. बाकी शेण काढू द्या, गुरांची ढेप, म्हणजे पेंड, भिजवू द्या. आणि मोबाईल? तो भावाकडे ठेवायला द्या, तुमचासुद्धा.