भट्टीचे आकडे आणि न फुगणारी फाइल

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. इंडक्शन भट्टीचं तापमान, करंट, पाण्याचा दाब असे सेकंदाला पाचशेएक आकडे एक प्रोग्राम घेतो आणि फाइलच्या शेवटी जोडत जातो. दुसरे दोन प्रोग्राम ती फाइल वाचतात. एक पडद्यावर आलेख काढतो, दुसरा प्रत्येक हीटच्या (धातू वितळवण्याच्या एका खेपेच्या) नोंदी डेटाबेसमध्ये घालतो. फाइल फुगते आणि डिस्क भरली की सगळं ठप्प. मेमरीतल्या ठरावीक आकाराच्या फाइलवर हे अखंड चालेल का? फाइल संपली की पुढं काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालेल की. फाइलचे एकेका नोंदीपुरते खण पाडायचे, आणि फाइल संपली की पहिल्या खणापासून पुन्हा लिहायचं. रहाटाला गाडगी मोजकीच असतात, पाणी मात्र येतच राहतं, तसं.

लिनक्सवर ‘डेव्ह-एसएचएम’ (/dev/shm) या फोल्डरातली फाइल डिस्कऐवजी रॅममध्ये राहते. तिन्ही प्रोग्रामनी ती एममॅप (mmap) या सिस्टिमच्या सोयीने आपापल्या मेमरीत जोडून घ्यायची. समजा १६ एमबीची फाइल आणि नोंद ६४ बाइटची, तर खण झाले २,६२,१४४. सेकंदाला ५०० नोंदी धरल्या तर एक फेरा पावणेनऊ मिनिटांचा.

बरेच जण गडबडतात ते मोजणीत, म्हणजे आतापर्यंत किती नोंदी लिहिल्या किंवा वाचल्या त्या आकड्यात. शेवटचा खण आला की मोजणी शून्यावर आणू नका. आणलीत तर फाइल रिकामी आहे की पूर्ण भरली आहे, तेच कळत नाही. ६४ बिटांचा आकडा घ्या आणि वाढू द्या. तुमच्या वेगानं तो संपायला अब्जाहून जास्त वर्षं लागतील. खण काढताना तेवढं त्याला खणांच्या संख्येनं भागून बाकी घ्यायची.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही : वाचणारा मागं पडला आणि त्यानं न वाचलेल्या नोंदींवरच नवीन लिहिलं गेलं तर? सरसकट सल्ला असतो की लिहिणाऱ्यानं थांबावं. बँकेच्या व्यवहारात ते ठीक. तुमची भट्टी डेटाबेससाठी थांबणार आहे का? म्हणून माझं मत स्पष्ट आहे, लिहिणारा कुणाचीच वाट बघणार नाही. मागं पडल्याचं वाचणाऱ्यानंच ओळखायचं. नोंद कॉपी करून झाली की लिहिणाऱ्याची मोजणी पुन्हा पाहायची. आपल्या मोजणीतलं आणि तिच्यातलं अंतर खणांच्या संख्येजवळ गेलं असेल, तर ती नोंद अर्धी जुनी, अर्धी नवी असू शकते, टाकून द्या. आलेखवाल्यानं सरळ ताज्या नोंदीवर उडी मारावी, त्याचं काही बिघडत नाही. डेटाबेसवाल्यानं मात्र ‘इथं इतक्या नोंदी हुकल्या’ असं लिहून ठेवावं. नाहीतर कास्टिंग नाकारलं गेलं की त्या हीटचा हिशेब कुठून देणार? डेटाबेस सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेत असेल, तर फाइल ६४ एमबीची करा, सुमारे ३५ मिनिटांची सवड मिळते. आजच्या मशिनला एवढी रॅम म्हणजे काहीच नाही.

लिहिणारा एकच असल्यानं कुलूप (लॉक, म्हणजे एकाचं चालू असताना दुसऱ्याला थांबवणं) लागत नाही. एक लिहिणारा, एक वाचणारा असेल तर कुलपाविना भागतं, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७७ मध्येच सिद्ध केलंय. तुमचे वाचणारे दोन असले तरी प्रत्येकाची मोजणी स्वतंत्र, त्यामुळं अडत नाही. क्रम मात्र पाळा : आधी खण भरा, मगच मोजणी वाढवा, आणि तीही ‘रिलीज’ पद्धतीनं, वाचणाऱ्यानं ती ‘अक्वायर’ पद्धतीनं वाचावी. हा क्रम खरोखर पाळ, असं प्रोसेसरला बजावण्याच्या या पद्धती. साधं लिहिलेलं इंटेलच्या मशिनवर बहुधा चालून जातं, आणि तोच कोड रास्पबेरी पाय या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर टाकला की अधूनमधून कचरा वाचतो. एआरएम प्रोसेसर लिहिण्याचा क्रम मागंपुढं दाखवू शकतो. असला दोष रात्रपाळीलाच सापडतो.

प्रोग्राम कोसळला तरी फाइल जागेवर असते. वाचणाऱ्याची मोजणीही फाइलच्या सुरुवातीला ठेवलीत, तर तो उठून तिथूनच पुढं चालू लागेल. लाईट गेली तर मात्र रॅममधलं सगळं गेलं, तेव्हा त्या मशिनला यूपीएस हवाच. आणि फाइल तयार करतानाच पूर्ण जागा राखून घ्या. नुसता आकार सांगितला तर जागा प्रत्यक्ष लिहिताना घेतली जाते, आणि तेव्हा ती शिल्लक नसली की लिहिणारा प्रोग्राम ‘बस एरर’ देऊन मरतो.